पडलेल्या करिझ्माची स्ट्रीटफायटर

वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली काय झाकलंय, हा प्रश्न यंदा आम्हाला निदान शंभर वेळा विचारला गेला. कोणी म्हणालं फायनल इयरवाल्यांनी विमान बांधलंय. मेसच्या मामांना तर ते ऊस तोडायचं मशीन वाटलं! आज अंकाच्या निमित्ताने ताडपत्री काढतोच. खाली आहे एक मोटारसायकल. कागदावर ती हीरो होंडा करिझ्मा आहे, पण आता कंपनीच्या माणसालाही तिची ओळख पटणार नाही. पुढचा भाग दुसऱ्याच गाडीचा, मागची शेपूट कापून नवीन बसवलेली, आणि हँडलच्या मुळाशी असलेला दांडा आपल्याच लेथवर टर्न केलेला. अशा गाडीला स्ट्रीटफायटर म्हणतात.

ती कशी बांधली ते सांगतो. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या गाडीवरून आमचा एक मित्र पडला आणि त्याचा कॉलर बोन मोडला. त्यात रस्त्याची चूक नव्हती आणि त्याचीही नव्हती. अकरावीच्या त्रिकोणमितीत मावेल एवढा एक हिशोब आम्ही करायला हवा होता, तो केला नव्हता. हा लेख त्या हिशोबासाठी आहे. बाकी फोटो तर नोटीस बोर्डवर लावलेच आहेत!

स्ट्रीटफायटर म्हणजे नेमकं काय?

१९८५ साली सुझुकीने जीएसएक्स-आर ७५० आणली आणि रेसच्या ट्रॅकवरची गाडी रस्त्यावर आली. अशा गाड्यांना चारी बाजूंनी प्लॅस्टिकचं कवच असतं, त्याला फेअरिंग म्हणतात. गाडी पडली की पहिला चुरा फेअरिंगचा होतो आणि नवीन घ्यायची म्हटलं की खिशाला भगदाड पडतं. ब्रिटनमधल्या पोरांनी त्यावर सोपा उपाय काढला. फुटलेली फेअरिंग परत लावायचीच नाही! खाली वाकायला लावणारं क्लिप-ऑन हँडल काढायचं आणि तिथे रुंद, उंच पाइपचं हँडल लावायचं. समोर एखाददुसरा गोल हेडलाइट, मागची शेपूट आखूड आणि वर उचललेली. इंजिन, चेसिस, सगळं उघडं. गरिबीतून आलेली ही फॅशन १९८० आणि १९९० च्या दशकात तिकडे चांगलीच फोफावली.

मग कंपन्यांनीच ती उचलली. ट्रायम्फने १९९७ मध्ये स्पीड ट्रिपलला दोन गोल डोळे आणि उघडं इंजिन दिलं. ड्युकाटीने २००९ मध्ये गाडीचं नावच ‘स्ट्रीटफायटर’ ठेवलं. आपल्याकडे बजाजने २०१२ मध्ये पल्सर २०० एनएस आणली. त्यातलं एनएस म्हणजे ‘नेकेड स्पोर्ट’. म्हणजे ज्या गोष्टीसाठी तिकडची पोरं हॅक्सॉ घेऊन बसायची, ती आता शोरूममध्ये मिळते.

इथे एक घोळ नको. चॉपर वेगळी आणि स्ट्रीटफायटर वेगळी. लांब पुढे गेलेला फोर्क, खाली बसलेली सीट, निवांत चाल म्हणजे चॉपर. मुंबईच्या अक्षय वर्दे यांच्या ‘वर्देंची’ने बुलेटच्या इंजिनावर अशा गाड्या बांधून नाव कमावलं. स्ट्रीटफायटरचं बरोबर उलटं. नाक खाली, शेपूट वर, चाकांमधलं अंतर कमी, वळायला चपळ. आणि आमची चूक नेमकी इथेच दडलेली होती.

गाडी आणि गॅरेज

कराडचा कोल्हापूर नाका ओलांडला की मलकापूर सुरू होतं. (बुलढाण्याचं नाही, शाहूवाडीचंही नाही, आपलं आगाशिव डोंगराच्या पायथ्याचं!) पुणे-बंगळूर हायवेच्या काठचं गाव, त्यामुळे गॅरेज, लेथ आणि फॅब्रिकेशनची दुकानं हाकेच्या अंतरावर. त्यातल्याच एका गॅरेजच्या मागे ही करिझ्मा दोन पावसाळे भिजत उभी होती. पुढची अर्धी फेअरिंग फुटलेली, फोर्क वाकलेला, पण इंजिन पहिल्याच प्रयत्नात बोललं. चौघांत वर्गणी काढली आणि मालकाकडून आरसी बुकासकट रीतसर नावावर करून घेतली.

करिझ्माच का? ती आली २००३ मध्ये. २२३ सीसी, एअर कूल्ड, सतरा हॉर्सपॉवरच्या आसपास. कार्ब्युरेटरचं साधं इंजिन, त्यामुळे सेन्सरची कटकट नाही. चेसिस स्टीलच्या पाइपची, म्हणजे वेल्डिंग करता येतं. मागे दोन शॉकअप, दोन्ही चाकं १८ इंची. आणि फेअरिंग फुटलेलीच होती, म्हणजे स्ट्रीटफायटरच्या परंपरेला धरूनच सुरुवात!

पुढच्या भागासाठी चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूक ३९० चा अख्खा फ्रंट एंड एका ॲक्सिडेंटच्या गाडीचा मिळाला. ४३ मिमीचा उलटा फोर्क, १७ इंची चाक, ३०० मिमीची डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, सगळं एकत्र. इथे एक सल्ला. सुटे पार्ट घेताना पावती घ्या आणि ते कुठल्या गाडीचे आहेत हे लिहून घ्या. स्वस्तात मिळालेला पार्ट चोरीच्या गाडीचा निघाला तर उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतील.

पहिलं कोडं : टी आणि स्टेम

फोर्कचे दोन पाय ज्या दोन पट्ट्यांत धरलेले असतात त्याला गॅरेजमध्ये ‘टी’ म्हणतात. खालच्या टीमधून एक दांडा वर जातो, तो स्टेम. तो चेसिसच्या नळीतून जातो आणि वर-खाली कोन सेटच्या बेअरिंगवर फिरतो. ड्यूकचा स्टेम करिझ्माच्या नळीत बसत नाही. लांबी वेगळी, बेअरिंगचं माप वेगळं.

नेटवर बघून आमच्यातला एक जण म्हणाला, जुना स्टेम कापून नव्या टीला वेल्ड करू. मिस्त्रीकाकांनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, “इंजिनियर सायब, टी ॲल्युमिनियमची हाय आन् दांडा लोखंडाचा. ह्यांचं लगीन कोण लावणार?” आम्ही मुकाट्याने परत आलो.

काकांनी एका वाक्यात मटेरियल सायन्सचा तास घेतला होता. स्टील आणि ॲल्युमिनियम साध्या वेल्डिंगने जुळत नाहीत. आणि टी सारखे ॲल्युमिनियमचे भाग बहुधा हीट ट्रीटमेंट करून कडक केलेले असतात. वेल्डिंगची उष्णता लागली की टाक्याच्या शेजारची पट्टी मऊ पडते. बाहेरून सगळं चकचकीत दिसतं, आतून ताकद गेलेली असते.

मग योग्य मार्ग धरला. ड्यूकचा स्टेम प्रेसवर ढकलून बाहेर काढला. करिझ्माच्या बेअरिंगच्या मापाचा आणि तिच्या नळीच्या लांबीचा नवा स्टेम ईएन २४ च्या बारमधून टर्न केला. ड्रॉइंग घेऊन सरांकडे गेलो. सरांनी वहीवर नजर टाकून एकच प्रश्न विचारला, “टॉलरन्स कुठाय?” आम्ही नुसता व्यास लिहिला होता! ३० मिमीच्या आसपासच्या व्यासाला एच ७/पी ६ फिट दिला तर दांडा भोकापेक्षा कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त ३५ मायक्रॉनने मोठा राहतो. १ मायक्रॉन म्हणजे जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे नुसत्या घट्टपणावर विसंबायचं नाही. खालच्या बाजूला दांड्याला कॉलर ठेवली, वर सर्क्लिपची खाच घेतली. प्रेस फिट उद्या ढिला झाला तरी स्टेम सुटून हातात येणार नाही.

सरांनी ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉककडेही बोट दाखवलं. ‘ड्रॉन बाय’ समोर नाव होतं. ‘चेक्ड बाय’ रिकामं. “हे कोण भरणार?” आम्ही हसलो. सर हसले नाहीत.

जी गोष्ट आम्ही मोजली नाही

फ्रंट एंड बसला. गाडी दिसायला एकदम नाद खुळा! पण आम्हाला नाक अजून खाली हवं होतं. म्हणून फोर्क टीमधून ३० मिमी वर सरकवला, म्हणजे गाडी पुढून तेवढी बसली. मागच्या शॉकअपना खाली एक्सटेन्शन लावून शेपूट २९ मिमी वर उचलली. शिवाय पुढे १७ इंची चाक आणि मागे मूळचं १८ इंचीच. फोटो असा आला की सगळ्या हॉस्टेलच्या मोबाईलवर वॉलपेपर झाला.

आता मुद्द्याचं. मेसमधली भांड्यांची ट्रॉली आठवा. तिची पुढची चाकं ढकलल्याबरोबर आपोआप सरळ होतात. का? कारण चाक जमिनीला जिथे टेकतं ती जागा, चाक ज्या खिळीवर फिरतं तिच्या मागे असते. मोटारसायकलचंही तसंच आहे. स्टेमची रेषा सरळ खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती जिथे टेकते, त्याच्या थोडं मागे टायर जमिनीला टेकतो. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. स्टेम उभ्या रेषेपासून जितका मागे कललेला असतो तो कोन म्हणजे रेक. आणि स्टेमची रेषा व फोर्कच्या पायांची रेषा यांच्यातलं अंतर म्हणजे टीचा ऑफसेट.

ट्रेल जास्त असेल तर गाडी सरळ रेषेत स्थिर राहते, पण वळायला जड जाते. कमी असेल तर चपळ वळते, पण हँडल चंचल होतं. रस्त्याचा धक्का बसला की हँडल स्वतःहून सरळ यायला हवं. तो परत आणणारा हात म्हणजे ट्रेल.

सूत्र सोपं आहे. पुढच्या चाकाच्या त्रिज्येला रेकच्या साइनने गुणा, त्यातून ऑफसेट वजा करा, आणि उत्तराला रेकच्या कोसाइनने भागा. समजायला गोल आकडे घेऊ. त्रिज्या ३०० मिमी, रेक २६ अंश, ऑफसेट ३५ मिमी. ३०० गुणिले ०.४३८ म्हणजे १३१.५. वजा ३५ म्हणजे ९६.५. भागिले ०.८९९. ट्रेल आला १०७ मिमी.

आता आमची करामत बघा. चाकांमधलं अंतर साधारण १३५५ मिमी. पुढून ३० खाली आणि मागून २९ वर, म्हणजे एकूण ५९ मिमीचा फरक. ५९ भागिले १३५५, त्याचा कोन निघतो अडीच अंश. म्हणजे रेक २६ वरून साडेतेवीसवर. १७ इंची चाकामुळे त्रिज्या २९३ झाली असं धरू. पुन्हा सूत्र लावा. ट्रेल येतो ८९ मिमी. चाकामुळे गेले फक्त ३ मिमी, बाकीचे १५ मिमी खाल्ले त्या अडीच अंशांनी. फोटोसाठी केलेल्या बदलाने.

आणि हे गाडी उभी असताना. जोरात ब्रेक मारला की फोर्क दबतो. तो ५० मिमी दबला तर आणखी दोन अंश जातात आणि ट्रेल ७८ च्या आसपास येतो. मूळ गाडीत त्याच ब्रेकखाली तो ९५ च्या आसपास राहिला असता.

कोणी म्हणेल, काही स्पोर्ट बाइक्स नव्वदीच्या ट्रेलवर पळतात की! पळतात. पण त्यांची चेसिस त्यासाठी बांधलेली असते, सस्पेन्शन तसं असतं, आणि बऱ्याच जणींना हँडलची थरथर मारणारा स्टीअरिंग डॅम्पर असतो. आमच्याकडे २००३ च्या डिझाइनची साधी चेसिस होती आणि भरीला रुंद हँडल. शिवाय आणखी एक पाप होतं. नवीन स्टेमवर नवीन कोन सेट बसवला की पहिल्या काही किलोमीटरनंतर रेस आत बसतात आणि सेट ढिला पडतो. तो परत आवळावा लागतो. आम्ही आवळला नव्हता.

एका रविवारी पहाटे ढेबेवाडीच्या रस्त्याला चाचणी घ्यायची ठरली. परवानगी नव्हती, कोणाला सांगितलं नव्हतं. वेग पन्नासच्या आसपास. गतिरोधकाच्या आधीच्या पांढऱ्या पट्ट्या आल्या, मित्राने पुढचा ब्रेक दाबला, आणि हँडल डावीकडे-उजवीकडे असं फडफडायला लागलं की मागून बघताना फोर्क दोन-दोन दिसत होते. दीड-दोन सेकंदांत तो रस्त्यावर होता. हेल्मेट होतं म्हणून हा लेख मी या सुरात लिहू शकतोय. पाठीमागून एक ऊस भरलेला ट्रॅक्टर येत होता, तो थांबला. तो थांबला नसता तर, हा विचार अजूनही रात्री येतो.

दवाखान्यात त्याच्या आईने मला विचारलं, “बाळा, गाडीला काय झालं होतं रे?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर वहीत एका पानावर निघालं असतं, पण ते पान मी लिहिलंच नव्हतं.

परत शेडमध्ये

पुढचे दोन महिने कोणी गाडीला हात लावला नाही. मग त्यानेच, गळ्यात पट्टा अडकवलेल्या अवस्थेत, शेडमध्ये येऊन विचारलं, “मोजायचं का?” भिंतीला खडू, ओळंबा, आणि सिव्हिलवाल्यांकडून उसना आणलेला कोनमापक. हीच आमची लॅब. आधी मोजलं, मग फोर्क मूळ उंचीवर आणला, मागची एक्सटेन्शनं काढली, कोन सेट दोनदा आवळून तपासला. नाक थोडं वर गेलं. फोटो पहिल्याइतका येत नाही. चालेल.

बाकीच्या भागांबद्दल जे शिकलो ते थोडक्यात.

सबफ्रेम : सीटखालच्या पाइपला सबफ्रेम म्हणतात. शेपूट आखूड करायला तो कापावाच लागतो. नुसती दोन तोंडं समोरासमोर ठेवून टाका मारू नका. आत घट्ट बसणारी नळी घाला, बाहेरच्या पाइपला भोकं पाडून त्यातूनही वेल्डिंग भरा, मग तोंडाचा टाका. आधी समोरासमोर छोटे टाके मारायचे म्हणजे पाइप ओढला जात नाही. मडगार्डच्या पत्र्याला ६०१३ रॉड ठीक, पण भार घेणाऱ्या जोडाला ७०१८, आणि तोही कोरडा ठेवलेला. वेल्डिंग झाल्यावर लाल रंगाची डाय पेनेट्रंट टेस्ट करा. आमच्या चारपैकी एका जोडात केसासारखी चीर दिसली. डोळ्याला ती दिसली नव्हती. स्टेम जिथून जातो त्या नळीच्या आसपास मात्र कापू नका, वेल्डिंगही मारू नका. तिथे अख्ख्या गाडीचा भार येतो.

मागचं टायर : सगळ्यांना ड्यूकसारखं १५० चं रुंद टायर हवं असतं. अरुंद रिमवर रुंद टायर चढवलं की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि टायर मध्येच टोकदार होतो. जमिनीला टेकणारा भाग उलट विचित्र होतो. शिवाय चिमट्यात जागा नाही, आणि चेन टायरला घासते. चेनची रेषा सरळ नसेल तर स्प्रॉकेटचे दात खाल्ले जातात आणि चेन तुटण्याची भीती. आम्ही कंपनीचंच माप ठेवलं.

ब्रेक : मोठं कॅलिपर लावलं आणि मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर लिव्हर हँडलपर्यंत जाते. कारण साधं आहे. पिस्टनचा व्यास २५ वरून ३२ मिमी केला तर व्यास वाढतो २८ टक्के, पण क्षेत्रफळ आणि लागणारं तेल वाढतं ६४ टक्के. जुना सिलिंडर तेवढं तेल ढकलत नाही. म्हणून कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर एकाच गाडीचे घ्या, आणि होज नवीन घ्या.

स्टॉपर : उलट्या फोर्कचे पाय वरून जाड असतात. हँडल पूर्ण वळवलं की ते टाकीवर आदळतात. वळण्याची मर्यादा ठरवणारा स्टॉपर नव्याने बसवावा लागतो. आणि क्लच, ॲक्सिलरेटरच्या केबल हँडल पूर्ण वळवून बघा. केबल ताणली जाऊन रेस वाढली तर यू-टर्नमध्ये फजिती होते.

वायरिंग : वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवा आणि सीडीआय काढून ठेवा. हे वाक्य आम्हाला एका जळलेल्या सीडीआयच्या किमतीला पडलं.

कागदाचं काय?

आता सगळ्यात नावडता विषय. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडी कंपनीने ज्या तपशिलाने बनवली आणि नोंदवली, त्याच्याशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसता रंग बदलला तरी आरटीओत नोंद करावी लागते. आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनीचा पहिला प्रश्न हाच असणार.

हे वाचून कोणी म्हणेल, मग नवीन काही करायचंच नाही का? त्याचं उत्तर आपल्या शेजारीच आहे. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी जुन्या गाड्यांचे सुटे भाग आणि भंगारातलं लोखंड जोडून कुटुंबासाठी एक छोटी चारचाकी बांधली. दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी! डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रा यांनी पाहिला आणि देशभर चर्चा झाली. महिंद्रांनी कौतुक केलंच, पण त्याच वेळी हेही लिहिलं की ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या ती अडवली जाईल. म्हणून त्यांनी बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. त्यांची गाडी कंपनीने लोकांना प्रेरणा म्हणून जपून ठेवायचं ठरवलं.

या गोष्टीकडे मी आता वेगळ्या नजरेने बघतो. लोहारांच्या हाताला दाद मिळाली, आणि त्याच दमात रस्त्याचा नियमही पाळला गेला. दोन्ही खरं आहे. कौशल्य आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीची गाडी रस्त्यावर येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तिची तपासणी होते, ब्रेकपासून आवाजापर्यंत. आपण हॅक्सॉ लावला त्या क्षणी ती सही रद्द होते आणि त्या जागी आपली सही लागते. मग ती सही करायला आपण लायक आहोत का, एवढाच प्रश्न.

ज्यांना खरंच बांधायचंय त्यांना वाटा आहेत. २००७ पासून बाहा एसएईइंडिया आहे, जिथे पोरं स्वतः बांधलेली गाडी तपासणीतून पास करून बंदिस्त मैदानात पळवतात. रस्त्यावरच्या गाडीत काही करायचं असेल तर कंपनीचं मान्य ॲक्सेसरी वापरा, जे उद्या पाना घेऊन परत काढता येईल. आणि मूळ पार्ट गोणीत भरून जपून ठेवा.

शेवटी

आमची करिझ्मा आता रस्त्यावर जात नाही. जाणारही नाही. ती मेन स्टँडवर शेडमध्ये उभी आहे. स्टेमच्या रेषेत एक दोरी ताणून बांधली आहे, ॲक्सलवरून ओळंबा सोडलाय, आणि खाली फरशीवर खडूने दोन फुल्या मारल्या आहेत. सेकंड इयरची पोरं त्या दोन फुल्यांमधलं अंतर पट्टीने मोजतात, मग सूत्राने काढतात, आणि उत्तर जुळलं की टाळ्या देतात. फोर्क वर-खाली सरकवून परत मोजतात. आम्ही जे हाड मोडून शिकलो ते ती दहा मिनिटांत शिकतात. बरंच झालं.

नवीन मापांचं ड्रॉइंग पुन्हा काढलं. सगळे टॉलरन्स लिहिले. ‘ड्रॉन बाय’ समोर माझं नाव आहे. ‘चेक्ड बाय’ समोर सही करायला आम्ही सरांकडे गेलो तेव्हा त्यांनी पेन आमच्या मित्राच्या हातात दिला. हाड जुळलेल्या हाताने त्याने प्रत्येक आकडा परत मोजला, एक चूक काढली, ती दुरुस्त करायला लावली, आणि मगच सही केली.

शेड रविवारी सकाळी उघडी असते. बघायला जरूर या. येताना पट्टी आणा. आणि हो, चहा तुमच्याकडून!